कुकरची रिंग सापडली नाही म्हणून रडू आलं

"ताई, मी बदलापूरला राहते, नोकरी फोर्टला. पावणेपाचला उठते. मुलगा दहावीत आहे, सासूबाईंना साखर, घराचा हप्ता चालू, रक्कम तीच, पण कर्ज कधी फिटणार कळत नाही. नवरा चांगला आहे. अंबरनाथच्या कारखान्यातून सहाला घरी येतो, 'काय हवं ते सांग, करतो' म्हणतो. मी परतीच्या गाडीत मेथी निवडत येते. गेल्या मंगळवारी कुकरची रिंग सापडेना, तर ओट्यापाशीच बसून रडले. अधूनमधून छातीत धडधडतं. मी कमकुवत झालेय का? योगाचा क्लास लावू?"

प्रिय मैत्रिणी,

क्लास आत्ता नका लावू. पावणेपाचला सुरू होणाऱ्या दिवसात वेळ पाळायची आणखी एक गोष्ट कशाला? आणि कमकुवत तर तुम्ही मुळीच नाही.

रिंग कुठे ठेवलीय, गॅस किती दिवस पुरेल, गोळ्यांच्या किती पट्ट्या उरल्या, दूधवाल्याचे किती द्यायचे, हे सगळं तुमच्या घरात एकट्या तुमच्या डोक्यात असतं. त्या दिवशी त्यातली एक गोष्ट हाती लागली नाही आणि बांध फुटला. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88, असं दिसलं. गाडीत बसल्या बसल्या उद्याच्या डब्याचा विचार करण्यात जातात ती मिनिटं कुठल्या रकान्यात धरायची?

तुमचे यजमान मनाने चांगले आहेत, हे पत्रातून कळतं. पण 'सांग, करतो' यातलं सांगणं तुमच्याकडेच राहतं, आणि खरा शीण त्याचाच आहे. म्हणून मदत मागू नका, काम अख्खं द्या. गॅस, दूध, वाणसामान आणि संध्याकाळची भाजी त्यांची. आणायचं कधी, संपलं कधी, निवडायचं कुणी, सगळं त्यांनीच बघायचं. एखाद्या दिवशी दूध नसेल तर कोरा चहा प्या, पण आठवण करू नका. हे जड जाईल, मला माहीत आहे. पहिले पंधरा दिवस जीभ चावून गप्प बसावं लागेल.

सासूबाईंच्या औषधांत मात्र असं विसरून चालणार नाही. त्यासाठी पुढच्या वेळी डॉक्टरांकडे यजमानांनाच आईबरोबर पाठवा, तुम्ही जाऊ नका. गोळ्या कधी, साखर उतरली तर काय करायचं, हे त्यांनी स्वतः ऐकलं की तुम्हाला मध्ये निरोप्या व्हावं लागणार नाही.

हप्त्याबद्दल तुम्ही लिहिता की रक्कम तीच आहे, पण कर्ज कधी फिटणार कळत नाही. व्याजदर बदलता असेल तर दर वाढल्यावर बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात. शाखेत जाऊन किती हप्ते उरले ते लेखी मागा. दर नव्याने ठरताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, असं रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये बँकांना सांगितलंय. आकडा मोठा निघाला तरी चालेल, रात्री अंदाज करत पडून राहण्यापेक्षा तो बरा.

धडधडीकडे काणाडोळा नको. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासून घ्या. दर वेळी ताणच असतो असं नाही, रक्त कमी असलं तरी असंच होतं. रडू थांबत नसेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटलं, तर 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करा. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

आणि ती मेथी. गाडीत निवडणं आजपासून बंद. खिडकी मिळाली तर डोळे मिटा, नाहीतर मैत्रिणींशी बोला. दीड तासाचा तो प्रवास तुमचा आहे.

रविवारी यजमानांशी बोलायला बसाल तेव्हा मुलालाही बोलवा. दहावी असली म्हणून काय झालं? रिंग कुठल्या खणात असते, एवढं त्यालाही माहीत असू दे.

तुमची,
ताई