नाटक की इंग्लिश?

प्रश्न : ताई, आमचं गाव ब्रह्मपुरीजवळ हाय. मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या दिवसांत मी झाडीपट्टीच्या (इकडच्या पूर्व विदर्भाच्या) नाटकांत कामं करतो. बीएला इंग्लिश अन् भाषाविज्ञान घ्यायचं मनात आहे, सोबत नाटकही शिकायचंय. बाबा म्हणतात, दोन डगरींवर पाय कायले ठेवतोस?

उत्तर : भाऊ, बाबांची काळजी खरी आहे, पण ह्या दोन डगरी खूप जवळ आहेत. आवाज तोंडात कुठं अन् कसा तयार होतो, शब्दात जोर कुठं पडतो, माणूस बोलतो एक अन् समोरच्याला दुसरंच कसं कळतं, हे सगळं भाषाविज्ञानात शिकवतात, मग नटाला रोज दुसरं काय लागतं सांग बरं? शेक्सपिअरच्या कितीतरी ओळी हलका-जड उच्चाराच्या पाच जोड्यांवर चालतात, तो ठेका कानात बसला की पाठांतरही सोपं जातं.

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकात बीए होते. इंग्लिश घेऊन इकडंच बीए केलं तरी चालेल, दिल्लीच्या एनएसडीला (राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला) पदवी कोणत्याही विषयातली चालते, नाटकाचा अनुभव मात्र बघतात, अन् तो तुझ्याजवळ आत्ताच जमा होतोय. भाषाविज्ञानात एमए करायचं तर हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्रजी अन् परदेशी भाषांचं विद्यापीठ बघ.

आतापासून एक कर, कोणतं पात्र झाडीबोली बोलतं अन् कोणतं प्रमाण मराठी, ते वहीत लिहीत जा, प्रोजेक्टला सोनं आहे ते. फक्त नाटकांचा सीझन दिवाळीनंतर अन् हिवाळी परीक्षाही त्याच सुमारास, म्हणून नाटक कंपनीला तारखा देण्याआधी टाइमटेबल बघत जा.