क्वाड 405 ला कुठला जुना प्रीअँप लावावा? मरांट्झ 7, मॅकिंटॉश सी22 की दुसरं काही?

प्रश्न वाचला. म्हणजे तुमच्याकडे लेन्को एल75 टर्नटेबल आहे, त्याला साधं एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज, म्हणजे सुईचा भाग, काकांनी इंग्लंडहून आणलेला क्वाड 405 पॉवर अँप (स्पीकर वाजवणारा), एचएमव्हीच्या शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या एलपी, थोड्या 78 च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) रेकॉर्डी, एक सीडी प्लेअर, आणि आता यात मधे बसवायला जुना भारीतला प्रीअँप (सिग्नल निवडून, आवाज कमी-जास्त करून पॉवर अँपला देणारा डबा) हवाय, मनात मरांट्झ 7 आणि मॅकिंटॉश सी22 भरलेत, दोन्ही व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे.

आधी सरळ उत्तर देतो, कारण खाली बरंच लिहिणारे. 405 ठेवणार असाल तर क्वाडचाच 44 हा प्रीअँप शोधा. मरांट्झ 7 च हवा असेल तर पॉवर अँप पण बदलायची तयारी ठेवा, नाहीतर काही लाख घालून फुसफुस विकत घ्याल.

आता का ते. 405 हा 1975 चा अँप, 100 वॉटचा, आणि त्याला पूर्ण ताकदीनं वाजायला फक्त अर्धा व्होल्ट पुरतो. बहुतेक पॉवर अँपना एक ते दोन व्होल्ट लागतात, क्वाडचं मात्र ट्रान्झिस्टरच्या काळापासून सगळं अर्ध्या व्होल्टावर बेतलेलं, त्यांचे प्रीअँप पण तेवढंच बाहेर देतात. आता हिशोब बघा, तुमचं एमएम कार्ट्रिज साधारण 5 मिलिव्होल्ट देतं, प्रीअँपमधली फोनो स्टेज (रेकॉर्डचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) त्याला शंभरपट वाढवते, झाला अर्धा व्होल्ट. म्हणजे फोनो स्टेजमधून बाहेर पडतानाच 405 ला हवं तेवढं मिळालेलं असतं, पुढच्या लाइन स्टेजची, म्हणजे सिग्नल आणखी वाढवणाऱ्या भागाची, खरं तर गरजच नाही. पण मरांट्झ 7 किंवा सी22 मधे लाइन स्टेज असते आणि ती चांगली दहापट वगैरे वाढवते, कारण त्या काळात समोर तसेच अँप आणि तसेच स्पीकर होते. मग तुमच्या घरी काय होणार, तर व्हॉल्यूमचा नॉब घड्याळातल्या आठच्या जागेवरून नऊवर नेला की शेजारी दार वाजवणार. आणि जुन्या पॉटचा (व्हॉल्यूमच्या नॉबमागच्या रेझिस्टरचा) सगळ्यात वाईट भाग नेमका तोच, सुरुवातीचा, तिथे डावं-उजवं कधीच सारखं नसतं, गायक एका बाजूला सरकून बसतो. शिवाय व्हॉल्व्हची जी काय सळसळ असेल ती व्हॉल्यूम शून्यावर असतानाही स्पीकरमधून ऐकू येते, कारण ती पॉटच्या नंतर तयार होते. रात्री आलाप ऐकायला बसलात की हेच पहिलं कानाला टोचतं. सीडी प्लेअर लावलात तर आणखीनच, तो एकटाच दोन व्होल्ट फेकतो.

यावर उपाय नाही असं नाही, 405 च्या इनपुटला दोन-दोन रेझिस्टर लावून सिग्नल पाडता येतो, चांगला मेकॅनिक तासाभरात करून देईल. पण मग जो आवाज व्हॉल्व्हनं वाढवला तोच रेझिस्टरनं कमी करायचा, हे मला कधी पटलं नाही. ज्यांना व्हॉल्व्हच हवेत त्यांनी जरूर करावं.

दुसरी गोष्ट बेसची, आणि ही कुणी सांगत नाही. व्हॉल्व्ह प्रीअँपच्या शेवटी एक कंडेन्सर असतो, त्यातून सिग्नल बाहेर येतो, आणि तो किती खालपर्यंतचा आवाज सोडेल हे पुढच्या अँपच्या इनपुट इम्पीडन्सवर (तो सिग्नलला किती ओहमचा विरोध करतो त्यावर) ठरतं. जुने व्हॉल्व्ह अँप शंभर किलोओहम, पाचशे किलोओहम असे असायचे, 405 चा इनपुट 20 किलोओहम आहे. समजा प्रीअँपच्या तोंडाशी 0.1 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बसवलेला असला तर 20 किलोओहमला 80 हर्ट्झच्या खालचं सगळं गळायला लागतं. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला असते. म्हणजे खर्ज गेला, डग्ग्याचं वजन गेलं, आणि तुम्ही म्हणणार व्हॉल्व्हचा आवाज गोड आहे पण पातळ आहे. तेच 0.47 चा असेल तर ती मर्यादा 17 हर्ट्झच्या आसपास जाते, काही प्रॉब्लेम नाही. मरांट्झ 7 आणि सी22 दोन्हीच्या आउटपुटला कॅथोड फॉलोअर (कमी इम्पीडन्सच्या अँपलाही सिग्नल पुरवू शकणारं व्हॉल्व्हचं सर्किट) आहे त्यामुळे ते त्यातल्या त्यात सोसतात, पण डायनाको पास-3 सारखा स्वस्तातला सुद्धा लोक सुचवतील, त्यात कॅथोड फॉलोअर नाही, तो 405 ला लावूच नका. विकणाऱ्याला आउटपुट कंडेन्सरची व्हॅल्यू विचारा, किंवा झाकण उघडून फोटो मागा.

आता तुमच्या रेकॉर्डींकडे येतो, कारण प्रीअँप निवडायचा तो त्यांच्यासाठी, कपाटात ठेवायला नाही. एचएमव्हीच्या जुन्या एलपींचे नंबर बघा. ईएएलपी, ईसीएलपी असं असेल तर मोनो, ईएएसडी, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. तुमच्याकडे नाट्यसंगीत आणि जुनं शास्त्रीय आहे म्हणताय तर निम्म्याहून जास्त मोनो निघतील असं माझं म्हणणं. मोनो रेकॉर्डीत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो, पण स्टिरिओ कार्ट्रिज उभी हालचाल पण वाचतं, आणि उभ्या हालचालीत असतो तो फक्त कचरा, धूळ, ओरखडे, लेन्कोच्या मोटरची घरघर. प्रीअँपवरचा मोनोचा स्विच दाबला की दोन्ही चॅनल एकत्र होतात आणि उभा कचरा एकमेकाला खाऊन टाकतो. फरक इतका पडतो की पहिल्यांदा ऐकणारा माणूस रेकॉर्ड बदलली का विचारतो. आजकालच्या महागड्या प्रीअँपमधे हा स्विच बऱ्याचदा नसतोच, आणि जुना प्रीअँप घ्यायचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण, गोड आवाज वगैरे नंतर.

78 च्या रेकॉर्डींचं आणखी वेगळं. एलपीला 1954 पासून आरआयएए हा ठरलेला कर्व्ह आहे, रेकॉर्ड बनवताना बेस कमी आणि ट्रेबल जास्त करतात, म्हणून वाजवताना फोनो स्टेज 20 हर्ट्झला जवळजवळ 19 डेसिबल वाढवते आणि 20 किलोहर्ट्झला जवळजवळ तितकंच कापते. 78 मधे प्रत्येक कंपनीचं आपापलं होतं, त्यामुळे साध्या फोनो स्टेजवर त्या दबलेल्या वाटतात. मरांट्झ 7 वर यासाठी वेगळा स्विच आहे, आरआयएए, जुन्या कोलंबिया एलपी आणि जुन्या 78 अशा तीन जागा. हे त्याचं खरं कौतुक. क्वाडवाल्यांनी दुसरा रस्ता धरला, त्यांनी फिल्टर दिला. 1967 च्या क्वाड 33 वर 5, 7 आणि 10 किलोहर्ट्झची बटणं आहेत आणि शेजारी उतार कमी-जास्त करायचा नॉब, म्हणजे सुईची खरखर कुठून कापायची आणि किती जोरात हे तुम्ही ठरवायचं. भारतात 78 साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत निघत होत्या, त्या शेवटच्या काळातल्या रेकॉर्डींना नुसता फिल्टर आणि टोन कंट्रोल पुरतो, स्वानुभव. फक्त 78 साठी सुई वेगळी, जाड लागते, एलपीची सुई तळाशी जाऊन घासते, तेवढं सांभाळा.

तर क्वाड 33 का नाही सुचवत? दिसायला सुंदर, दुरुस्तीला सोपा, 405 ला आउटपुट अगदी जुळतो. पण त्याचे रेडिओ आणि टेपचे इनपुट 100 मिलिव्होल्टला बनवलेले, तेव्हा सीडी नव्हतीच, दोन व्होल्ट आत गेले की आवाज फाटायच्या बेतात येतो, मधे पॅड, म्हणजे सिग्नल पाडणारे रेझिस्टर, लावावं लागतं. आणि बोर्ड आत खोचलेले असतात, त्यांच्या कडेचे कॉन्टॅक्ट आपल्या दमट हवेत काळे पडतात, मग एक चॅनल येतो-जातो. हे मी घरी खूप सोसलंय, डोंबिवलीच्या पावसाळ्यात दर वर्षी बोर्ड काढा, पुसा, परत खोचा. 44 हा 1979 चा, त्यात इनपुटची मॉड्यूल आहेत, एमएम, एमसी (आणखी बारीक सिग्नलच्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजसाठी), सीडी अशी वेगवेगळी, जे हवं ते बसवा. टिल्टचा नॉब पण आहे, म्हणजे एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली असा सगळाच आवाज तराजूसारखा कलतो, चरचरीत प्रेसिंगला तो एक टिचकी फिरवला की बेस-ट्रेबलच्या दोन नॉबशी झटापट करायला नको. हाय-एंड म्हणून मिरवायला 44 चं नाव फारसं चालत नाही हे खरं, बघायला येणारे मित्र मान डोलावणार नाहीत.

नावाचंच बघायचं असेल तर बाकीचं थोडक्यात. मार्क लेव्हिन्सनचे सत्तरीतले प्रीअँप, एलएनपी-2 आणि जॉन कर्लनं डिझाइन केलेला जेसी-2, ऐकायला जबरदस्त, पण आतली मॉड्यूल इपॉक्सीत गाडलेली, एक गेलं की आत काय आहे ते दिसत पण नाही, भारतात बसून हे नको. ऑडिओ रिसर्चचा 1978 चा एसपी-6 मला मनापासून आवडतो, व्हॉल्व्ह असूनही ढगळ नाही, पण गेनची (सिग्नल फार वाढवण्याची) तीच तक्रार. सी22 ची काचेची पट्टी फुटली किंवा मागचा रंग उडाला तर किंमत निम्मी धरा. आणि मरांट्झ 7 असो की सी22, दोन्ही कंपन्यांनी नव्वदच्या दशकात आपापली नवी आवृत्ती काढली होती, शिवाय 7 च्या नकला ढिगानं आहेत, त्यामुळे "ओरिजिनल" म्हटल्यावर कुठल्या सालातला ओरिजिनल हे आधी विचारा. वापरायला म्हणाल तर ती नव्वदीतली आवृत्ती जास्त बरी, पण भाव साठीचा देऊ नका.

कंडिशनबद्दल. "कधीच उघडलेला नाही, सगळं फॅक्टरीचं" हे विकणारे अभिमानानं सांगतात, माझ्या लेखी तो भाव पाडायचा मुद्दा. साठ वर्षांचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेलाच असणार, कपलिंगचे (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल सोडणारे) कागदी कंडेन्सर लीक होतात, आणि मरांट्झ 7 मधे सेलेनियमचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आहे, तो जळाला की असा घाण वास येतो की खोली सोडावी लागते. वर्षानुवर्षं बंद असलेला अँप सरळ 230 ला लावू नका, डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर) हळूहळू चढवा किंवा निदान सिरीजचा बल्ब लावा. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि बंद केल्यावरही काही वेळ राहतात, तेव्हा हौसेनं बोट घालू नका. बघायला जाताना मल्टिमीटर न्या, चालू करून स्थिर झाल्यावर दोन्ही आउटपुटवर डीसी मोजा, काही मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर कपलिंगचा कंडेन्सर गेलाय असं समजा. मग फोनोवर टाकून, टर्नटेबल न लावता, व्हॉल्यूम वाढवून नुसती फुसफुस ऐका, दोन्हीकडे सारखी आली पाहिजे. सगळे स्विच, सगळे नॉब फिरवा. खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरनं जाते, पण एक बाजू पूर्ण गायब होत असेल तर पॉट बदलावा लागेल आणि तसाच पॉट मिळणं हे वेगळं प्रकरण. एका विक्रेत्यानं मला डेमोला फक्त सीडी लावून दाखवली होती, फोनो लावायला सांगितल्यावर केबल सापडेना. अशा ठिकाणाहून निघून या, कारण जुन्या प्रीअँपमधे खरी किंमत फोनो स्टेजचीच असते.

वीज. अमेरिकेतला माल 120 व्होल्ट 60 सायकलचा, स्टेपडाउन लावाल पण आपले 50 सायकल बदलत नाहीत, ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो आणि गुणगुणतो. जपानी मालाला ती अडचण नाही, कारण तिथे पूर्वेला 50 आणि पश्चिमेला 60 सायकल आहेत, त्यामुळे दोन्हीवर चालेल असाच बनवतात, पण त्याला 100 व्होल्टच हवेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा 110 चा स्टेपडाउन देऊ नका. इंग्लंडचा माल 240 चा, आपल्याकडे सरळ लागतो. 44 च्या बाजूनं हा पण एक मुद्दा धरा.

शेवटचं, जुन्या 405 च्या मागे इनपुटला डिन सॉकेट (गोल, बऱ्याच पिनांचं) आहे, नेहमीचं आरसीए नाही. 44 घेतलात तर विकणाऱ्याकडून 405 ला जोडायची क्वाडची केबल बरोबरच मागून घ्या, दुसरा कुठला घेतलात तर आरसीए ते डिन करून घ्यावी लागेल, आणि पिनांची जोडणी क्वाडप्रमाणेच करायला सांगा, बाजारातली तयार टेपची डिन केबल चालेलच असं नाही. चालू करताना प्रीअँप आधी, 405 नंतर, बंद करताना उलट. तुमचा 405 साधा आहे की 405-2 ते मागच्या पाटीवर बघून कळवा, आणि स्पीकर कुठले तेही लिहा, ते तुम्ही सांगितलंच नाहीये.