विमा राहत्या घराचा, पाहुणे पैसे देणारे

श्रीवर्धन तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र आहे. राहत्या घरातल्या चार खोल्या ते पर्यटकांना न्याहारीसकट देतात. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ वादळात मागच्या दोन खोल्यांचे पत्रे उडाले, वासे मोडले. विमा होता, तरी क्लेम नामंजूर झाला. पॉलिसी राहत्या घराची आणि घरात चालतो धंदा, हे कारण. तेव्हा नववीत असलेली त्यांची मुलगी आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि विमा क्षेत्रातच जायचं म्हणते. वडिलांना बँकेची परीक्षा बरी वाटते. ‘विमा म्हणजे नातेवाइकांच्या मागे लागून पॉलिसी गळ्यात मारायची, दुसरं काय?’ असं त्यांनी विचारलंय.

सप्रेम नमस्कार.

दुसरं बरंच आहे, आणि तुमच्या लेकीनं त्यातला सगळ्यात अवघड भाग घरातच पाहिलाय. म्हणून आधी त्या क्लेमबद्दल लिहितो.

बहुतेक घरांत प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, एजंटच भरतो, आपण सही करतो. त्यात घराचा वापर कशासाठी, असा प्रश्न असतो. तुम्ही सहकुटुंब तिथेच राहता, म्हणून ‘निवासी’वर खूण झाली असणार, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नसेल. पण नुकसान पाहायला आलेल्या सर्वेअरला फाटकावरच ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ ही पाटी दिसते, आत प्रत्येक खोलीत जोडपलंग, गीझर आणि दाराला क्रमांक. कंपनीच्या हिशेबात हा वेगळा धोका असतो: अनोळखी माणसांची ये-जा, दिवसभर पेटलेला गॅस, वायरिंगवर वाढलेला भार. प्रीमियम घेताना हे सांगितलंच नव्हतं, असं मग त्यांना म्हणता येतं. वादळाचा आणि पाहुण्यांचा काय संबंध, हा तुमचा संताप मला पटतो. पण विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) जायची मुदत क्लेम नाकारल्यापासून एक वर्षाची असते, ती टळून गेली आहे.

आता पुढचं. 1 एप्रिल 2021 पासून साधारण विमा कंपन्यांकडे (म्हणजे आयुर्विमा सोडून बाकीचे विमे देणाऱ्या) ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची ठरावीक पॉलिसी आली. राहत्या घरासाठी ती चांगली आहे. इमारतीचा विमा घेतला की आतल्या सामानाला त्याच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंतचं संरक्षण आपोआप मिळतं. व्यवसायासाठी त्याच दिवशी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आली. ती एका ठिकाणच्या पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला चालते. तुमचं घर यातल्या कुठल्या खणात बसतं, हे एजंटच्या तोंडी भरवशावर ठरवू नका. ‘आम्ही इथे राहतो, चार खोल्या पर्यटकांना देतो’ एवढं लेखी कळवून उत्तरही लेखीच मागा. शिवाय पाहुणा विहिरीजवळच्या शेवाळावर घसरून पाय मोडून बसला, तर यातली कुठलीच पॉलिसी त्याची भरपाई देणार नाही. त्यासाठी पब्लिक लायबिलिटी, म्हणजे बाहेरच्या माणसाला झालेल्या इजेची भरपाई देणारी पॉलिसी, वेगळी घ्यावी लागते, आणि न्याहारी-निवास चालवणारे नेमकी तीच घेत नाहीत.

हे काम मुलीवर सोपवा. प्रत्येक खोलीतल्या सामानाची यादी, फोटो, बिलं, आणि घर आज नव्यानं बांधायचं तर किती खर्च येईल तो आकडा तिनं काढावा. बाजारभाव नको, त्यात जमिनीची किंमत येते, आणि जमिनीचा विमा नसतो. हे निगुतीनं आणि कंटाळा न करता जमलं, तर या क्षेत्रात ती टिकेल.

एजंट व्हायला दहावी आणि एक परीक्षा पुरते. पण घरविम्याचा प्रीमियमच लहान, त्यामुळे कमिशनही लहान. नुसत्या त्यावर तिनं विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मला तिच्यासाठी क्लेमची बाजू दिसते. ठरावीक रकमेवरच्या नुकसानीला परवानाधारक सर्वेअरचा अहवाल कायद्यानंच लागतो. मात्र नुसत्या बी.कॉम.वर हा परवाना मिळत नाही. इंजिनिअर, सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा विम्यातली मान्य पात्रता लागते, त्यावर प्रशिक्षण आणि परीक्षा. तेव्हा तिनं याच वर्षी मुंबईच्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया’च्या लायसेन्शिएट या पहिल्या पायरीच्या परीक्षेला बसावं (बारावीनंतरही देता येते), मग असोसिएट ही पुढची पायरी. फी आवाक्यातली असते, अभ्यास घरून होतो. दोन वर्षं पूर्ण वेळ शिकायची तयारी असेल तर पुण्यात बालेवाडीला ‘नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी’ आहे. तिथला खर्च मात्र आधी बघून घ्या.

आणि बँकेच्या परीक्षेवरून भांडायचं काही कारणच नाही. सरकारी साधारण विमा कंपन्यांच्या प्रशासकीय अधिकारी पदाला पदवी चालते, वय साधारण 21 ते 30, आणि गणित, तर्क, इंग्रजीचा अभ्यास बँकेसारखाच. एकाच तयारीत दोन्ही फॉर्म भरता येतात. खुल्या गटाला पदवीला सहसा 60 टक्के मागतात, तेव्हा शेवटच्या सत्राचे गुण सांभाळायला सांगा. मे महिन्यातल्या गर्दीत तिला खोल्या आवरायला लावू नका. शेवटच्या सत्राची परीक्षा त्याच सुमारास येऊ शकते.