पाचची भूक आणि छोटा डबा : माझा अनुभव

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नागपूरच्या मिहान उद्योग-वसाहतीत नोकरी, घर मानेवाड्याला. दुपारी एकला डबा, रात्री साडेनऊला जेवण, आणि मधे पाचच्या चहासोबत रोज समोसा नाहीतर आलूबोंडा. घरी आल्यावर पोळ्या होईपर्यंत चिवड्याच्या डब्यात हात. मखाणे आणून पाहिले, प्रोटीन बार आणून पाहिले, आठ दिवस चाललं आणि पुन्हा टपरी. तुम्ही विचारता, माझा निश्चय का टिकत नाही?

एक ते साडेनऊ म्हणजे साडेआठ तास झाले, भाऊ. दिवसभर डोकं चालवणाऱ्या माणसाला एवढ्या वेळात भूक लागणारच. ती खरी भूक आहे, तिला लाजायचं कारण नाही. तिच्यासाठी घरून काही आलेलं नसतं, म्हणून समोरच्या कढईत जे असेल ते पोटात जातं. माझं सांगणं एवढंच : या भुकेसाठी एक वेगळा छोटा डबा न्या, आणि तो चहाच्या आधी, साडेचारलाच उघडा. पाच वाजून गेले, खालून तळणाचा वास आला, की मग फार उशीर झालेला असतो.

हे मी स्वतः भोगून शिकले. सीताबर्डीला काउंटरवर नोकरी होती, एकोणीस वर्षं. २०१६ मध्ये तपासणीत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी, ६.१ निघालं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. एका दवाखान्यातून आहाराचा छापील तक्ता मिळाला. त्यात ब्रोकोली, ओट्स, बदामाचं दूध. घरात सासूबाई, दोन मुलं, सकाळी सातला दोन भाज्या आणि वरण-पोळी. त्यात माझ्यासाठी वेगळी ब्रोकोली कोण आणणार आणि कधी शिजवणार? बारा दिवसांत तो तक्ता फ्रिजवर नुसता चिकटलेला राहिला.

मग मी एक साधं काम केलं. पर्समध्ये छोटी वही ठेवली आणि पंधरा दिवस चारच गोष्टी लिहिल्या : किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, त्याआधी कधी खाल्लं होतं, आणि भूक होती की नुसता कंटाळा. पंधरा दिवसांनी वही वाचली तेव्हा मला स्पष्ट दिसलं. ज्या दिवशी डब्यात बरबटीची (चवळीची) किंवा मोटाची (मटकीची) उसळ होती, त्या दिवशी पाचला नुसत्या चहावर भागलं होतं. ज्या दिवशी आलूची भाजी, पोळी आणि भात, त्या दिवशी पावणेपाचलाच कोणाला तरी समोसे आणायला पाठवलं होतं. म्हणजे पाचची भूक अर्धी तर दुपारी एकलाच ठरत होती. प्रथिनं आणि तंतू असले की पोट सावकाश रिकामं होतं, साखरही एकदम चढून एकदम उतरत नाही. तेव्हा तुम्ही आधी दुपारचा डबा पाहा. उसळ, घट्ट वरण, दही, बेसन पेरलेली भाजी, अंडी खात असाल तर अंडी, यातलं एक तरी रोज हवं.

आता छोट्या डब्यात काय? माझ्या डब्यात वर्षाचे निम्मे दिवस फुटाणे आणि फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, असतात. महिन्यातून एकदा इतवारीत भट्टीवर जाते. लोखंडी कढईत रेती काळीभोर तापलेली असते, भडभुंजा त्यात ओंजळभर चणे टाकतो, झारा दोनदा फिरवतो आणि तडतड करत साल उकलते. चाळणीवर रेती खाली, फुटाणे वर. तेलाचा थेंब नाही. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम फुटाण्यांत सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. तेवढ्याच फल्लीदाण्यांत सात, पण त्यात तेल असल्यामुळे पावणेदोनशेच्या आसपास कॅलरीही. म्हणून दाणे मोजून एक मूठ, फुटाणे थोडे जास्त चालतील. हळदीचे-मिठाचे पिवळे फुटाणे टाळा, साधे घ्या. आणि दाणा कडू, सुरकुतलेला किंवा कुबट लागला तर गिळू नका, थुंका. बुरशीचं विष बहुधा अशाच दाण्यांत असतं आणि ते भाजून पुरतं जात नाही.

तुमचे मखाणे का टिकले नाहीत तेही सांगते. मखाणा वाईट नाही, पण हलका फार. मूठभर मखाणे वजनाला दहा ग्रॅमही भरत नाहीत. तोंड चाललं तरी पोटाला काही कळत नाही.

फुटाण्यांचा कंटाळा आला की ऋतू पाहा. आपल्या नागपूरला या बाबतीत काही कमी नाही. थंडीत तुरीच्या शेंगा आणि पोपटाच्या (वालाच्या) शेंगा मीठ घालून उकडायच्या, डब्यात तशाच न्यायच्या. सोलून खायला वेळ लागतो आणि तो वेळच कामाचा आहे, कारण पोट भरल्याचं डोक्याला कळायला थोडा अवधी लागतो. उकडलेले शिंगाडे. बोरं. जाम, म्हणजे पेरू, तर सोन्यासारखं फळ, जीवनसत्त्व क संत्र्याच्या जवळपास चौपट आणि बिया-सालासकट खाल्लं की तंतूही भरपूर. संत्र्यांचे आपल्याकडे दोन बहार, आंबियाची दिवाळीच्या सुमाराला आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चात. फक्त संत्रं सोलून खा, ज्यूस नको. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात, साखर सगळी येते आणि चोथा गाळणीत राहतो. पावसाळ्यात भुट्टा, लिंबू-मीठ लावून, लोणी न लावता. ओल्या शेंगा उकडून. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा संध्याकाळी जे वाटतं ते पुष्कळदा भूक नसून तहान असते. आधी पाणी प्या, मग पातळ मठ्ठा, काकडी, टरबूज. फळ एकटं लवकर पचतं, म्हणून सोबत दहा-बारा दाणे टाका.

अजून एक, फार सोपं : रात्री मूठभर काळे चणे भिजवले की सकाळी कुकरला तीन शिट्ट्या. त्यात कांदा, टमाटर, सांबार (कोथिंबीर), आणि डब्यात लिंबाची एक फोड वेगळी. लिंबू खाताना पिळा. चण्यातलं लोह अंगी लागायला त्यातलं क जीवनसत्त्व मदत करतं. आणि चहा त्याच्या उलट काम करतो, त्यातलं टॅनिन लोहाला अडवतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको असं सांगितलं आहे. म्हणून साडेचारला डबा, साडेपाचला चहा. टपरीवर जाऊच नका असं मी म्हणणार नाही. दिवसभरात चार मित्रांशी मोकळं बोलायला तेवढीच तर जागा असते. पोट भरलेलं ठेवून जा.

चहाचा हिशेब मात्र करा. तुम्ही दिवसाला चार कप लिहिलेत. कपाला दोन चमचे धरले तर आठ चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या घरात साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला दिवसाची वरची मर्यादा पन्नास ग्रॅम, आणि पंचवीसच्या आत राहिलं तर अधिक चांगलं. म्हणजे बिस्किटाला हात लावायच्या आधीच तुमचा कोटा संपत आला. मी आठवड्याला अर्धा चमचा असं कमी केलं. तिसऱ्या आठवड्यात चहात आल्याची चव कळायला लागली.

पुड्यांबद्दल थोडक्यात. पुढे काय छापलंय ते वाचूच नका, मागे वाचा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. पुढे ‘मल्टीग्रेन’ आणि मागे पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पाम तेल असेल, तर ते मैद्याचं बिस्किट आहे. तुमच्या प्रोटीन बारचंही वेष्टन असंच पाहा.

आता तर्री-पोहा, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा ओतलेले पोहे, कारण तुम्ही काळजीने विचारलंत की तो सोडावा लागेल का. मुळीच नाही. तर्रीतले काळे चणे ही त्या प्लेटमधली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. पोहेवाला पळी वरवर बुडवतो तेव्हा लाल तवंग वर येतो आणि पोह्यांवर नुसतं तेल सांडतं. त्याला सांगायचं, "खालून चने द्या, तर्री कमी." मी गेली कितीतरी वर्षं हेच सांगते आणि कोणी कधी वाईट मानलं नाही, उलट एक पळी जास्त पडते. वर कच्चा कांदा, लिंबू, शेव नको. शनिवारी सकाळी अशी एक प्लेट नाश्ता म्हणून खा, समाधानाने खा. पोटभर नाश्त्यानंतर मात्र ‘मधलं खाणं’ म्हणून ती नको.

समोशाबद्दलही बोलते. जुलै २०२५ मध्ये समोसा-जिलबीवर सरकार इशारा छापणार अशी बातमी आली, आपल्या नागपूरच्या एम्स रुग्णालयाचंही नाव त्यात होतं. आरोग्य मंत्रालयाने लगेच खुलासा केला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर असलं काही लावायला सांगितलेलं नाही. कार्यालयांत तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावा, एवढीच सूचना होती. समोसा पंधरा दिवसांतून एकदा खाल्ला तर काही बिघडत नाही. रोज एक, तेही पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलातला, याने बिघडतं. तेल काळं, घट्ट, फेसाळ दिसलं तर त्या कढईचं घेऊ नका. आणि पेपरात बांधून घेऊ नका : गरम तेलात छपाईची शाई सुटते. ती समोशाला लागते. वर्तमानपत्रात अन्न बांधायला २०१८ च्या नियमांनीच मनाई आहे. आपली स्टीलची डबी पुढे करा, आनंदाने त्यात देतात.

तुमची लेक चार वर्षांची आहे असं शेवटी लिहिलंत. तिला अख्खे फुटाणे, फल्लीदाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. दोन्हींचं बारीक कूट करून थोड्या गुळात चपटे लाडू वळा. आणि तुम्हाला किंवा घरात कोणाला मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर खाण्याच्या वेळा माझ्या सांगण्यावरून बदलू नका, आधी डॉक्टरांना विचारा. मी डॉक्टर नाही.

राहिला चिवड्याचा डबा. तो ओट्यावरून उचलून वरच्या कपाटात ठेवा, आणि त्याच्या जागी काकडी-गाजर-मुळ्याची ताटली कापून ठेवायला सांगा. खरं तर वहिनींना सांगण्यापेक्षा घरी पोचल्यावर हात धुऊन तुम्हीच कापा. त्या पोळ्या करत असतात तेवढी पंधरा मिनिटं तुमचे हातही कामात राहतात. जेवण साडेनऊचं साडेआठला आणता आलं तर फार बरं, पण दोन्ही बदल एकाच आठवड्यात करू नका. माझा आकडा वर्षभरात ५.८ वर आला, त्यात रोजच्या चालण्याचाही वाटा आहे.

रविवारी संध्याकाळी काळे चणे भिजत घाला. सोमवारपासून पंधरा दिवस वहीत वेळ आणि पदार्थ लिहा, आणि एक रकाना जास्त ठेवा : रात्री किती पोळ्या गेल्या. पंधरा दिवसांनी तो रकाना मला इथे लिहून पाठवा, पुढचं मग त्यावरून ठरवू.