रबरात सिलिका मिसळण्याऐवजी ती आतच वाढवली तर काय साधतं?

तुम्ही विचारलंय की सिलिकॉन रबर मजबूत करायला त्यात सिलिकाची पावडर घातली की गुठळ्या राहतात, मग ती रबराच्या आतच कशी तयार करतात. मी भोसरीत रबर कंपाउंडिंगचं, म्हणजे रबरात इतर पदार्थ मिसळण्याचं, काम करतो, हा माझा आवडीचा विषय आहे.

गुठळ्यांचं मूळ सिलिकाच्या पृष्ठभागावरच्या सिलॅनॉल गटांत (सिलिकॉनला जोडलेल्या OH गटांत) आहे. कण रबरापेक्षा एकमेकांना घट्ट धरतात. टू-रोल मिलवर (दोन रुळांमध्ये रबर मळणाऱ्या यंत्रावर) कितीही फिरवलं तरी ही पकड पूर्ण सुटत नाही.

म्हणून कण आणायचेच नाहीत, कच्चा माल आत पाठवायचा. तो म्हणजे टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट), पाण्यासारखा पातळ द्रव. क्युअर झालेली, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडून पक्की झालेली, रबराची शीट त्यात बुडवली की फुगते. मग तिला पाणी आणि थोडा अमोनिया किंवा अमाइन मिळालं की टीईओएसचे इथॉक्सी गट तुटतात, सिलॅनॉल होतात आणि एकमेकांना जोडले जाऊन सिलिका बनते. आजूबाजूला रबराच्या साखळ्यांचं जाळं असल्याने कण फार वाढू शकत नाहीत, नॅनोमीटरमध्येच राहतात. सिनसिनाटी विद्यापीठात जेम्स मार्क यांच्या गटाने 1980च्या दशकात यावर पुष्कळ काम केलं. उत्प्रेरक, म्हणजे अमोनियासारखा ही अभिक्रिया घडवणारा पदार्थ, मात्र विचारपूर्वक निवडा. अल्कलीने सुटे, गोल कण होतात. आम्लाने साखळ्यांत गुंतलेलं बारीक जाळं होतं.

खरी अडचण हिशोबात आहे. 100 ग्रॅम टीईओएसपासून फार तर 29 ग्रॅम सिलिका मिळते आणि सुमारे 88 ग्रॅम इथेनॉल सुटतं. ते बाहेर पडताना माल आकसतो, जाड तुकड्याला तडे जातात. त्यामुळे माझ्या मते ही पद्धत पातळ शीट, फिल्म आणि कोटिंगसाठीच आहे. टायरसारख्या जाड मालाला सिलेन (सिलिकाला रबराशी जोडणारं रसायन) घालून मिक्सिंगच बरं.

पुण्यात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फुगवलेली शीट उघडी ठेवू नका. टीईओएस सिलिका होण्याआधीच उडून जाईल, शिवाय त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), झाकणबंद भांड्यात अमोनियाच्या पाण्यावर जाळी ठेवून तिच्यावर शीट ठेवा.

शेवटी किती सिलिका बनली हे जाळून मोजू नका. सिलिकॉन रबर हवेत जळताना स्वतःच सिलिका मागे ठेवतं, म्हणून आकडा फुगतो. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये पूर्ण सुकवून बुडवण्याआधीच्या आणि सुकवल्यानंतरच्या वजनातला फरक घ्या.