आजी आयुष्यभर घरीच होती, तिच्या महिन्याच्या मिस्सेच्या पत्रकात काय लिहावं?

निधनानंतर महिन्यानं चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी होतो, त्यात वाटायच्या आठवणींच्या पत्रकाबद्दल हा प्रश्न. आजीनं नोकरी केली नाही, शाळा जेमतेम चौथी, मग 'प्रेमळ, कष्टाळू, देवभीरू' यापलीकडे काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंय. ती तीन विशेषणं आधी खोडून टाका. आमच्या वसईत कुठल्याही म्हातारीचं पत्रक उघडा, हीच तिन्ही तिथं असतात. नाव बदललं की पत्रक दुसऱ्या घरात चालतं.

आमच्या आजीच्या पत्रकातही तीच होती. मजकूर मोठ्या काकांचा. अर्धं पान मुलांच्या नोकऱ्या, कोण आखातात, कोण कॅनडात. मग आजोबांनी वाडी कशी राखली त्याचा परिच्छेद. आजीच्या वाट्याला शेवटची ओळ: 'साध्याभोळ्या स्वभावाची, घर सांभाळणारी माउली'. मी देवळाच्या, म्हणजे चर्चच्या आवारातच काकांना विचारलं, साधीभोळी कोण? तो वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आजी आगाशीची, लग्न होऊन नंदाखालला आली. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) ती मराठीत आली, पण जुनी लॅटिन उत्तरं आजीला शेवटपर्यंत तोंडपाठ होती. आजोबा मुंबईत नोकरीला. पहाटेच्या गाडीनं जायचे, रात्री यायचे. म्हणजे अंथरुणाला खिळलेली सासू, मुलं, म्हैस, पानवेल, केळी, भाजी हे सगळं तिच्या अंगावर. पहाटे उठून ती आधी बावखलावर, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर जायची, पाणी किती आहे बघायला. चूल त्यानंतर.

पावसाळा सरला की सुकेळी. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात घालायची, दंव पडायच्या आत गोळा करून टोपलीत झाकायची, सकाळी पुन्हा उन्हात. असं बरेच दिवस चालतं. एक दिवस आभाळ आलं की सगळा माल जातो. संध्याकाळी केळी गोळा करायची वेळ आणि रोझरीची, म्हणजे माळेच्या प्रार्थनेची वेळ एकच. आजी डाव्या हातात माळ धरून दशक (दहा मण्यांची प्रार्थना) म्हणायची, उजव्या हातानं एकेक केळं दाबून बघायची. ओलं लागलं की प्रार्थना न तोडता माझ्याकडे सरकवायची, मी ते वेगळ्या सुपात ठेवायचे. तिचा मणी कधी चुकला नाही आणि ओलं केळं कधी चांगल्यात गेलं नाही. सुकेळीचा पैसा आजोबांच्या पगारात ती मिसळू द्यायची नाही. तो तिच्या डब्यात, आणि त्या डब्यातून माझ्या दोन्ही आत्या शिकल्या. काकांच्या पत्रकात आत्यांच्या शिक्षणाचं श्रेय आजोबांना आहे.

आता 'आजोबांनी वाडी राखली' याबद्दल. नव्वदच्या दशकात आमच्याकडे जमिनीचे भाव चढले. दलाल ओट्यावर येऊन बसायला लागले आणि आजोबा तयार झाले होते. बावखल बुजवून पुढचा तुकडा द्यायचा, एवढंच. आजी चहा घेऊन बाहेर आली आणि दलालासमोरच म्हणाली, "बावखल गेलं तर विहीर खारी होईल. मग उरलेल्या वाडीला पाणी तुम्ही आणून देणार का?" समुद्र जवळ असलेल्या गावात हे शेंबड्या पोरालाही कळतं. बावखलात मुरलेलं गोडं पाणीच खाऱ्या पाण्याला अडवून धरतं. आजोबा कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती जेवण वाढत राहिली, पण मागे हटली नाही. शेवटी रविवारी मिस्सेला जाताना आजोबाच म्हणाले, "राहू दे." त्यांचा संसार असाच होता. भांडणं खरी, पण देवळात दोघं एकाच बाकावर.

आजोबा गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. काकांनी हक्कसोडपत्राचे कागद करून आणले, दोन्ही आत्यांनी सही करावी म्हणून. आजीला चर्चच्या फादरांनी समजावून सांगितलं होतं की आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो: बायकोला एक तृतीयांश, बाकीचं मुलगा-मुलगी असा भेद न करता सगळ्या मुलांना सारखं. तिनं कागद घडी करून काकांना परत दिला आणि सांगितलं, "लेकींची नावं सातबाऱ्यावर लागल्याशिवाय मी कशावरच सही करणार नाही." नावं लागली. हिला काका साधीभोळी म्हणतात. मला विचाराल तर त्यांना ती गोष्ट लपवायचीच होती.

म्हणून तुमच्या आजीबद्दल लिहिताना ती कशी होती ते सोडा, तिनं काय ठरवलं ते शोधा. कशाला नाही म्हणाली? पैसा कुठे ठेवायची, कुणावर खर्चला? नवऱ्याशी कशावरून वाजायचं आणि शेवटी कुणाचं चालायचं? हे काकांना विचारू नका, आत्यांना आणि सुनांना विचारा. शेजारच्या म्हाताऱ्यांना तर नक्की विचारा, त्या घरच्यांपेक्षा जास्त सांगतात. एक प्रसंग नीट लिहा. दहा प्रसंगांची यादी नको.

दोन गोष्टी राहिल्या. प्रत्येक आजी माझ्या आजीसारखी भांडणारी नसते. काहींनी सगळं निमूट सोसलं, त्यांच्या तोंडी खोटी लढाई घालू नका. आणि अंत्यविधीच्या मिस्सेत प्रवचनाच्या जागी गुणगौरव करायला चर्चची परवानगी नसते. महिन्याच्या मिस्सेलाही बोलायचं असेल तर आधी फादरांना विचारा. ते बहुधा कम्युनियननंतर (प्रसाद वाटून झाल्यावर) दोन मिनिटं देतील, पण त्यांनाच ठरवू द्या. पत्रक तुमचं स्वतःचं, त्यात हवं ते लिहा.

आमच्याकडे वर्षाची मिस्सा जवळ आली आहे. या वेळचं पत्रक दोन्ही आत्या लिहिणार आहेत आणि सातबाऱ्याची गोष्ट त्यात पहिल्या परिच्छेदात येईल. काकांना तसं कळवलं आहे.