अकरा महिन्यांचा करार संपला, भाडेकरू घर सोडत नाही. कायदेशीररीत्या बाहेर कसं काढायचं?

आधी करार बघा. महाराष्ट्रात राहण्यासाठी दिलेल्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची फक्त परवानगी देणारा) नोंदणीकृत असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, दिवाणी दाव्याची गरज नाही. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत समोरच्याला बचावाची परवानगी मागावी लागते, नाहीतर आदेश तुमच्या बाजूने होतो. शिवाय मुदत संपल्यापासून करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. वकिलामार्फत नोटीस आधी पाठवाच, पुष्कळ जण तेवढ्यावरच सामान आवरायला लागतात.

जुना, पागडीचा (सुरुवातीला एकरकमी रक्कम देऊन राहणारा) भाडेकरू असेल तर मात्र हा रस्ता बंद. तिथे कलम 16 मधलं कारण सिद्ध करून दावा लढावा लागतो, आणि त्यात वर्षं जातात. फक्त भाडं थकलं असेल तर लेखी नोटिशीनंतर 90 दिवस थांबावंच लागतं.

आणि हो, कुलूप बदलणं, पाणी-वीज तोडणं हे उद्योग करू नका. पाणी-वीज तोडणं तर कलम 29 नुसार गुन्हा आहे; हातची केस उलटायची.